छोट्या फौंड्रीचा कार्बन ताळेबंद: प्रकल्प नोंदी, ऑगस्ट २०२४ ते ऑगस्ट २०२५

१२ ऑगस्ट २०२४

युनिट कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीतलं आहे. ग्रे आयर्न (राखाडी बीड) कास्टिंग, म्हणजे ओतीव माल: पंप आणि व्हॉल्व्हचे भाग. विजेची इंडक्शन भट्टी: ५०० किलोच्या दोन क्रुसिबल (वितळवायची भांडी), दोन्हींना मिळून ३५० किलोवॉटचं एकच पॅनल, म्हणजे एका वेळी एकच भट्टी चालते. मोल्डिंग (साचे बनवणं) दिवसा, वितळवणी रात्री १० ते सकाळी ६. शेड भाड्याची.

मागणी आली ती मोठ्या ग्राहकाकडून: "तुमचं कार्बन उत्सर्जन कळवा आणि कार्बन न्यूट्रल व्हायची योजना द्या." युनिटकडे आज फक्त वीजबिल आहे आणि बिलावर महिन्याचा एकच आकडा आहे. भट्टी किती खाते, कॉम्प्रेसर किती खातो, कुणालाच सांगता येत नाही.

मोजायचं एकक आज ठरवलं: एक टन चांगलं, म्हणजे ग्राहकाने स्वीकारलेलं कास्टिंग. वितळलेल्या धातूच्या टनावर हिशेब केला की रिजेक्शन आणि रनर-रायझर (साच्यात धातू नेणाऱ्या वाटा आणि जादा धातूचे खांब, जे नंतर तोडून पुन्हा वितळवतात) लपून जातात. पुढचे सगळे आकडे याच एककात येतील. वितळवणीच्या विजेचे युनिट तेवढे वेगळे, द्रव टनावर ठेवू, कारण मेल्टरच्या (भट्टी चालवणाऱ्याच्या) हातात तेवढंच असतं.

१९ ऑगस्ट

भट्टीच्या पॅनलच्या इनकमिंगला मीटर बसवला. सीटी (करंट मोजायचा ट्रान्सफॉर्मर) ६००/५, अचूकतेचा क्लास ०.५. पहिल्या रात्रीचं वाचन टनाला २१३ युनिट. हे शक्यच नाही. लोखंड १५०० अंशांपर्यंत न्यायला नुसती सैद्धांतिक उष्णताच टनाला ३९० युनिटच्या आसपास लागते. त्याखालचा आकडा दिसला की आनंद न मानता वायरिंग बघायचं.

तीनपैकी एक सीटी उलटी बसली होती. लोड तिन्ही फेजवर सारखा असेल तर दोन फेज जमा होतात, एक वजा होते आणि मीटर बरोबर एक तृतीयांश दाखवतो. सीटी फिरवल्यावर दुसऱ्या रात्री ६३८. कुणी तीन महिने ते २१३ धरून अहवाल लिहिला असता तर ही फौंड्री कागदावर जगातली सर्वांत कार्यक्षम ठरली असती. मीटर लावल्यावर क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजची चाल आणि दिशा तपासायला अर्धा तास लागतो. तो द्यायचाच.

२३ ऑगस्ट

वजनाचा प्रश्न. चार्ज, म्हणजे भट्टीत टाकायचा माल, पाटीने मोजतात, पाटी २५ किलोची समजतात. वीस पाट्या वजनकाट्यावर ठेवल्या: २१ ते २९ किलो. रनरची पाटी हलकी, बोरिंगची (मशिनिंगच्या चुऱ्याची) जड. १ टनाचा प्लॅटफॉर्म काटा भट्टीच्या मचाणाखाली आणला. प्रत्येक हीटच्या (भट्टीच्या एका खेपेच्या) पत्रकात पाच रकाने: पिग (ब्लास्ट फर्नेसमधलं कच्चं लोखंड), स्टील भंगार, रिटर्न (परत वितळवायचे रनर-रायझर), सुरुवातीचं आणि शेवटचं मीटर वाचन, टॅपिंग (धातू भट्टीतून काढतानाचं) तापमान. याहून जास्त रकाने केले तर रात्रपाळीत कोणी भरत नाही आणि सकाळी अंदाजाने भरलेले सापडतात.

२२ सप्टेंबर

सुट्टीच्या दिवशी हवेच्या गळतीची चाचणी. ३७ किलोवॉटचा स्क्रू कॉम्प्रेसर, क्षमता २२० सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा). कारखाना बंद, सगळ्या मशीनचे व्हॉल्व्ह उघडे, हवा वापरणारं कुणी नाही. कॉम्प्रेसर लोडवर (हवा भरत) किती सेकंद आणि अनलोडवर (रिकामा फिरत) किती सेकंद हे दहा फेऱ्या मोजलं. सरासरी लोड ३८, अनलोड ६२. गळती = ३८ भागिले १०० = ३८%, म्हणजे ८४ सीएफएम.

गळती कुठे? रॅमरच्या (वाळू ठोकायच्या हत्याराच्या) होजचे जुबिली क्लिप, मोल्डिंग मशीनच्या सिलिंडरची सील, एफआरएलचे, म्हणजे हवा गाळून दाब नेमणाऱ्या जोडणीचे, ड्रेन (तीन ठिकाणी पाणी निघत राहावं म्हणून मुद्दाम किंचित उघडे ठेवलेले), आणि मुख्य लाइनचा एक जुना फाटा, ज्याच्या टोकाला आता मशीनच नाही. तो फाटा कापून बंद केला. ७ बारला ३ मिलिमीटरचं भोक साधारण ३ किलोवॉट खातं, हे सांगून पटत नाही. म्हणून एका गळतीवर साबणाचं पाणी टाकून दाखवलं.

३ ऑक्टोबर

सप्टेंबर हा पाया महिना. द्रव धातू १०० टन. बॉक्स यील्ड (ओतलेल्या धातूपैकी कास्टिंगमध्ये आलेला वाटा) ५९%, रिजेक्शन ६.८%, चांगलं कास्टिंग ५५ टन.

वीज ८६,००० युनिट: वितळवणी ६४,०००, बाकी २२,०००. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा २०२३-२४चा ग्रिड गुणांक युनिटला ०.७२७ किलो. वीज = ६२.५ टन कार्बन डायऑक्साइड.

थेट जाळलेलं: जनरेटरचं डिझेल ३०० लिटर (लिटरला २.६८ किलो) = ०.८ टन. लॅडल (धातू ओतायचं भांडं) तापवायचा एलपीजी, १९ किलोचे २४ सिलिंडर (किलोला २.९८) = १.३६ टन. कोअर (कास्टिंगमधली पोकळी बनवणारा वाळूचा गाभा) कडक करायच्या सीओटूचे ३० किलोचे १२ सिलिंडर = ०.३६ टन. हे सिलिंडर पाहून सगळ्यांना वाटतं की खरा कार्बन इथेच आहे, कारण नावच सीओटू. प्रत्यक्षात यादीत तो सर्वांत लहान.

आणि एक गोष्ट कोणत्याच फॉर्ममध्ये भरलेली दिसत नाही: ग्रीन सॅण्डमध्ये (साच्याच्या ओलसर वाळूत) घालतात ती कोल डस्ट, म्हणजे कोळशाची भुकटी. महिन्याला १.५ टन. ती ओतताना साच्यात जळते. सगळी जळते असं धरलं तर टनाला २.४ टन, म्हणजे ३.६ टन. ही वरची मर्यादा आहे. काही भाग जळालेल्या वाळूबरोबर बाहेर जातो. तरीही डिझेल आणि एलपीजी मिळून होतं त्याहून ही जास्त. इंधन म्हणून विकत घेत नाहीत, कच्चा माल म्हणून घेतात, म्हणून हिशेबातून निसटते.

शेवटी पिग आयर्न. चार्जमध्ये १५%, म्हणजे १५ टन. ब्लास्ट फर्नेसच्या पिगमागे सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड प्रति टन धरला, कारण पुरवठादाराकडे स्वतःचा आकडा नाही. ३० टन.

एकूण ९८.६ टन. चांगल्या कास्टिंगच्या टनाला १.७९ टन.

ग्राहकाच्या फॉर्ममध्ये फक्त स्कोप १ (युनिटमधलं थेट उत्सर्जन) आणि स्कोप २ (विकत घेतलेल्या विजेचं) विचारलेत. पिगच्या त्या ३० टनांना रकानाच नाही.

१० ऑक्टोबर

शेजारच्या क्युपोलावाल्या (कोकच्या भट्टीच्या) युनिटचा प्रश्न: "इंडक्शन घेतली की कार्बन कमी होतो ना?" हिशेब मांडला. कोक द्रव टनाला १३० किलो, स्थिर कार्बन ८२%: १३० × ०.८२ × ३.६७ = ३९१ किलो. चुनखडी ४० किलो, तिचे १८ किलो. एकूण ४०९, शिवाय ब्लोअरची थोडी वीज. इंडक्शन: ६४० × ०.७२७ = ४६५ किलो.

म्हणजे आजच्या ग्रिडवर, वितळवणीपुरतं बघितलं तर, क्युपोला कागदावर किंचित खालीच आहे. हे मान्य करूनच पुढे बोलावं. इंडक्शनचा फायदा दुसरीकडे आहे: स्टील भंगार जास्त चालतं म्हणून पिग कमी करता येतो, धूर जातो, धातूचं रसायन हातात राहतं, आणि ग्रिड जसा स्वच्छ होईल तसा हा आकडा आपोआप उतरतो. कोकचा आकडा उतरत नाही. पण "भट्टी बदलली, निम्मा कार्बन गेला" असं सांगून कुणाला कर्जात घालू नये.

२१ ऑक्टोबर

तीन रात्री हीटमागे एकाच पत्रकाऐवजी दर पाच मिनिटांनी नोंद घेतली. ६४० युनिट कुठे जातात त्याचा तुकड्यातुकड्यांनी हिशेब:

उघडी भट्टी. ५०० किलोच्या क्रुसिबलचं तोंड साधारण ४० सेंटिमीटर. १५०० अंशांवर त्या तोंडातून २५ किलोवॉटच्या घरात उष्णता वर जाते. हीटमध्ये वीस मिनिटं तरी पूर्ण बाथ उघडा असतो. टनाला १७ युनिट.

थांबणं. सीई कपचं (कार्बनचं प्रमाण बघायच्या नमुना-कपचं) वाचन, मग कार्बुरायझर (धातूत कार्बन वाढवायची भुकटी) किंवा सिलिकॉनची दुरुस्ती, मग लॅडल तयार नाही, मग बॉक्सवर (साच्यांच्या पेट्यांवर) वजनं ठेवायची राहिलीत. सरासरी १२ मिनिटं, होल्डिंगला ५० किलोवॉट. टनाला २० युनिट.

जास्त तापवणं. टॅपिंग १५३० अंशांना होतंय, कास्टिंगच्या जाडीला १४८० पुरे. द्रव लोखंडाला अंशाला टनामागे ०.२३ युनिट लागतात. पन्नास अंशांचे ११.५, भट्टीची कार्यक्षमता धरून १८. मेल्टरचं यात काही चुकत नाही. लॅडल थंड असते, शेवटच्या बॉक्सपर्यंत जाताना धातू उतरतो, म्हणून तो वर चढवून देतो. मेल्टरला सूचना देऊन हा आकडा उतरत नाही. लॅडल गरम केली की उतरतो.

रिटर्नवरची वाळू. रनर-रायझर ठोकून तसेच भट्टीत जातात. वजनाच्या ३% वाळू. टनामागे १२ किलो वाळू वितळवून तिचा स्लॅग (वर तरंगणारी मळी) काढायचा. ऊर्जा ९ युनिटच्या आसपास, पण खरा फटका भट्टीच्या आतल्या अस्तराला आणि स्लॅग काढायच्या वेळेला.

१४ नोव्हेंबर

झाकणाचा पहिला प्रयत्न फसला. साध्या पोलादाची फ्रेम, आत सिरॅमिक फायबरचा थर. नऊ दिवसांत चार्ज टाकताना आदळून फायबर फाटला आणि लोंबू लागला. लोकांनी झाकण बाजूला ठेवलं आणि ते बरोबरच केलं. दुसरं झाकण: आत ओतून बसवलेली रिफ्रॅक्टरी (उष्णतारोधक काँक्रीट), वर अडकवायला अँकर, एका खांबावर आडवं फिरणारं, पायाने ढकलता येईल असं. मेल्टरला वाकून उचलावं लागलं तर झाकण वापरलं जाणार नाही. मधे १२ सेंटिमीटरचं भोक ठेवलं, तेवढ्यातून पातळी दिसते आणि कार्बुरायझर टाकता येतो.

लॅडलला बर्नरखाली ठेवायची वेळ १० मिनिटांवरून ३० मिनिटं केली आणि अस्तरामागे इन्शुलेशन बोर्ड दिला. एलपीजी वाढेल. वाढू दे. महिन्याला सहा सिलिंडर जास्त म्हणजे ०.३४ टन; त्याच्या बदल्यात टनाला १८ युनिट वाचले तर १.३ टन जातात. पण स्कोप १ वाढलेला पाहून फॉर्म तपासणारा प्रश्न विचारेल. उत्तर आत्ताच लिहून ठेवलं.

वाळू काढायला रिटर्न शॉट ब्लास्टिंगमध्ये (छऱ्यांच्या माऱ्यात) घालायचे की टम्बलिंग बॅरलमध्ये (फिरत्या पिंपात)? बॅरल. शॉट ब्लास्टिंग आधीच फेटलिंगच्या (कास्टिंग साफ करायच्या) मालाने भरलेलं असतं.

२८ नोव्हेंबर

युरोपच्या कार्बन सीमा शुल्काबद्दल वसाहतीत बरीच घबराट आहे. या शुल्काचा, म्हणजे सीबॅमचा, संक्रमण काळ १ ऑक्टोबर २०२३ला सुरू झाला, ३१ डिसेंबर २०२५ला संपतो, १ जानेवारी २०२६पासून पैसे मोजायचा टप्पा. आज प्रत्येक पार्टचा एचएस कोड (आयात-निर्यातीचा वस्तू क्रमांक) काढला.

यादीत धडा ७२ (काही अपवाद सोडून) आणि धडा ७३मधले ठरावीक कोड आहेत. ७३०३ कास्ट आयर्न पाइप, ७३०७ पाइप फिटिंग, ७३२६ इतर वस्तू आहेत. ७३२५, म्हणजे लोखंडाच्या इतर ओतीव वस्तू, यादीत नाही. पंपाचा भाग ८४१३मध्ये, व्हॉल्व्हचा भाग ८४८१मध्ये, गाडीचा भाग ८७०८मध्ये जातो. तेही आज यादीत नाहीत. या युनिटच्या तेहतीस पार्टपैकी फक्त दोन फिटिंग ७३०७मध्ये येतात.

दुसरी बाब: लोखंड-पोलादाला पैसे मोजायच्या टप्प्यात फक्त थेट उत्सर्जन धरलं जाणार आहे, विजेचं नाही. मात्र आधीच्या मालाचं, म्हणजे पिगचं, अंगभूत उत्सर्जन धरलं जातं. इंडक्शनवाल्या फौंड्रीने युरोपसाठी काही करायचंच असेल तर ते छतावरच्या सोलरमध्ये कमी आणि चार्ज मिक्समध्ये जास्त आहे.

यादी पुढे वाढू शकते, म्हणून आकडे ठेवणं सोडायचं नाही. पण आज "सीबॅम येतंय, सोलर घ्या" असं विकणाऱ्याला आधी एचएस कोड विचारावा.

देशातल्या मोठ्या ग्राहकांचा दबाव वेगळा आहे. सेबीच्या बीआरएसआर (व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता) अहवालांमुळे सूचीबद्ध कंपन्या पुरवठादारांकडे आकडे मागतात. फॉर्म चार ग्राहकांचे चार, एकके वेगळी, आर्थिक वर्ष एकाचं एप्रिल-मार्च तर दुसऱ्याचं जानेवारी-डिसेंबर. छोट्या युनिटमध्ये हे भरणारा माणूस तोच जो डिस्पॅच आणि जीएसटी बघतो. एक मूळ वही ठेवली आहे, महिनावार. प्रत्येक फॉर्म त्यातून भरायचा. फॉर्मवरून फॉर्म कधीच भरायचा नाही.

९ डिसेंबर

यील्ड. इथे सर्वांत स्वस्तात मिळतं आणि इथेच कुणी "कार्बन" हा शब्द वापरत नाही.

१४ किलोच्या एका व्हॉल्व्ह बॉडीला ११ किलो रनर-रायझर: यील्ड ५६%. ग्रे आयर्नला गोठतानाची घट भरून काढायला इतका रायझर लागत नाही. ग्रॅफाइट सुटताना फुगतं, ते बरंचसं काम करतं. साचा मऊ असला तर मात्र ते फुगणं साच्याची भिंत ढकलण्यात वाया जातं. म्हणून आधी मोल्डची कडकपणा तपासणी: रीडिंग ७०च्या खाली जात होतं, हवेचा दाब कमी पडत होता. गळती बंद केल्यावर मशीनशी दाब स्थिर झाला आणि ८५ मिळू लागलं. हवेच्या गळतीचा संबंध असा रायझरशी येऊन पोचतो.

मग रायझरची मान बारीक केली, इन्शुलेटिंग स्लीव्ह बसवून रायझर लहान केला, रनरचा आडवा छेद कमी केला. पॅटर्नच्या (साच्याला आकार देणाऱ्या नमुन्याच्या) चार प्लेट बदलल्या. पॅटर्न ग्राहकाचा असल्यामुळे परवानगीला पाच आठवडे लागले. हा अडथळा कुठल्या अहवालात दिसत नाही: पॅटर्नचा मालक एक, वीजबिल भरणारा दुसरा.

१६ जानेवारी २०२५

छत. एकूण मोकळं छत मोजलं, त्यातलं जुने एसी (ॲस्बेस्टॉस सिमेंटचे) शीट असलेलं वगळलं. त्यावर माणूस चढवणंही धोक्याचं. उरलेल्या भागात चालायच्या वाटा सोडून ६० किलोवॉट बसतं. कोल्हापूरकडे किलोवॉटला वर्षाला १,४०० युनिटच्या आसपास धरले तर महिन्याला ७,००० युनिट, ५.१ टन. कारखान्याची गरज ८६,०००. सगळी गरज छतावरून भागवायला सुमारे ७४० किलोवॉट लागेल, म्हणजे सात हजार चौरस मीटरहून जास्त जागा. प्लॉटच २,००० चौरस मीटरचा आहे.

तरी ६० किलोवॉट घ्यावं, आर्थिकदृष्ट्या बसतं. अडतं ते भाडेकरारावर. करार पाच वर्षांचा, पॅनल पंचवीस वर्षांचं. मालक म्हणतो, छताला भोकं नकोत. बँक म्हणते, मालकाचं संमतीपत्र आणा.

आणखी एक गाठ दराची. आजच्या दररचनेत रात्री १० ते सकाळी ६ युनिटला दीड रुपया सवलत, सकाळी ९ ते १२ ऐंशी पैसे जादा, संध्याकाळी ६ ते १० एक रुपया दहा पैसे जादा. वितळवणीचे ६४,००० युनिट रात्री घेतल्याने महिन्याला ९६,००० रुपये वाचतात. म्हणजे दराने भट्टी रात्री ढकलली आहे, जेव्हा ग्रिडमध्ये सौर वीज शून्य असते. वर्षाच्या सरासरी गुणांकात हे दिसत नाही.

फौंड्रीच्या छतावर धूळ कशी बसते तेही पाहिलं: फेटलिंगच्या बाजूला लोखंडाची बारीक धूळ, दवाने भिजून गंजते आणि काचेला चिकटते. तिथे पॅनल ठेवायचं नाही, निदान धूळ गोळा करणारी यंत्रणा दुरुस्त होईपर्यंत.

१२ फेब्रुवारी

पिग १५%वरून ६%वर आणला. त्याच्या जागी सीआरसी (कोल्ड रोल्ड पत्र्याचं) भंगार आणि कार्बुरायझर. ९% पिगमधून येणारा कार्बन भरून काढायला द्रव टनाला सुमारे ४.३ किलो कार्बुरायझर, रिकव्हरी ८५% धरून. तो पहिल्या चार्जबरोबर तळात टाकायचा, वर टाकला तर स्लॅगमध्ये जातो आणि जळतो. भंगार जस्त चढवलेलं नको: धूर होतो आणि अस्तरात शिरतं.

२४ फेब्रुवारी

मशिनिंगवाल्याकडून माल परत. पातळ कडांना चिल (कडक पांढरं लोखंड), टूल तुटतंय. वेज टेस्टमध्ये (पाचरीसारखा नमुना तोडून बघताना) पांढरी पट्टी दुप्पट. रसायन तर जागेवर: कार्बन ३.३५, सिलिकॉन २.१.

कारण रसायनाच्या दोन मुख्य आकड्यांत नाही. पिग आपल्याबरोबर ग्रॅफाइटची बीजं आणतो. तो कमी केला की धातू "मेलेला" होतो. त्यात स्टील भंगार आणि शुद्ध ग्रॅफाइट कार्बुरायझरने गंधक ०.०३८%पर्यंत उतरलं. ग्रे आयर्नमध्ये गंधक ०.०५%च्या खाली गेलं की इनॉक्युलंट (ग्रॅफाइटची बीजं तयार करायला शेवटी घालायची भुकटी) नीट पकडत नाही. वर्षानुवर्षं गंधक म्हणजे शत्रू असं शिकवलेलं असतं, म्हणून हा आकडा पाहून कुणी दचकत नाही.

११ मार्च

उपाय: आयर्न सल्फाइड घालून गंधक ०.०६ ते ०.०८%, मँगनीज त्याला जुळवून (१.७ गुणिले गंधक अधिक ०.३). इनॉक्युलंट ०.२%वरून ०.३%, आणि लॅडलच्या तळात न टाकता ओततानाच्या धारेत. टॅपिंगनंतर बारा मिनिटांच्या आत शेवटचा बॉक्स. वेज पट्टी पूर्ववत. सहा हीट सलग तपासल्या, मगच माल सोडला.

कार्बुरायझरचा नायट्रोजन तपासून घेतला. स्वस्त कोकचा कार्बुरायझर आणि जास्त स्टील एकत्र आलं की नायट्रोजन चढतो आणि जाड भागात बारीक फटी दिसतात. त्या मशिनिंगनंतरच सापडतात.

या तीन आठवड्यांत परत आलेल्या मालाचा कार्बनही हिशेबात टाकला. पिग कमी करायचा असेल तर आधी इनॉक्युलेशन आणि गंधक, मग पिग. इथे क्रम उलटा झाला.

२३ एप्रिल

एपीएफसी (पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणाऱ्या) पॅनलमधले दोन कपॅसिटर फुगले. सहा पल्सच्या भट्टी पॅनलमुळे विजेच्या लहरीत पाचवी आणि सातवी हार्मोनिक (विकृती). त्यापासून कपॅसिटर वाचवणारे ७%चे डिट्यूनिंग रिॲक्टर बसवले, कपॅसिटर ५२५ व्होल्टचे घेतले. बिल केव्हीएएचवर (नुसत्या युनिटवर नव्हे, एकूण ओढलेल्या विजेवर) असल्यामुळे पॉवर फॅक्टर पडला की थेट पैशात दिसतो.

४ जुलै

जूनचा ताळेबंद. चांगलं कास्टिंग तेच ५५ टन. द्रव धातू १०० ऐवजी ९३ टन (यील्ड ६२.८%, रिजेक्शन ५.८%). वितळवणी टनाला ५९० युनिट. बाकी वीज २०,०००. हवेची गळती आता १६%, दाब ७.५ वरून ६.५ बार. अनलोडवरही कॉम्प्रेसर पूर्ण लोडच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी वीज खातो, म्हणून गळती निम्म्याहून खाली येऊनही बचत त्या प्रमाणात मिळाली नाही. व्हीएफडी (मोटरचा वेग गरजेप्रमाणे बदलणारं उपकरण) आल्याशिवाय ती मिळणार नाही.

वीज ७४,८७० युनिट = ५४.४ टन. स्कोप १ = ६.० टन. पिग ५.६ टन = ११.२ टन. एकूण ७१.६, टनाला १.३०. वाढलेल्या कार्बुरायझरच्या निर्मितीतलं उत्सर्जन यात अजून धरलेलं नाही.

घट २७ टनांची: त्यातले १८.८ पिगचे, ८.१ विजेचे, बाकी किरकोळ. पैशात उलटं. वीज महिन्याला ११,००० युनिट वाचली, सर्व आकारांसह ९ रुपये धरून एक लाखाच्या घरात. ग्राहकाच्या फॉर्मवर घट १.२५ वरून १.१० एवढीच दिसते, कारण पिगचा रकाना नाही. पुरवठादार जे विचारलं जातं तेच कमी करतो. म्हणून फॉर्मसोबत एक स्वतंत्र पान जोडायला सुरुवात केली: चार्ज मिक्स, पिगचा टक्का, त्याचा धरलेला गुणांक.

याला मर्यादा आहे. चांगलं भंगार मोजकंच असतं. एकाने उचललं की दुसऱ्याला पिगकडे वळावं लागू शकतं. युनिटच्या वहीतले १८.८ टन म्हणजे वातावरणातले १८.८ टन नव्हेत. विजेचे ८.१ मात्र नक्की.

"कार्बन न्यूट्रल"ची पाटी? उरलेले ७१.६ टन दरमहा क्रेडिट घेऊन फेडता येतील, पण आयएसओ १४०६८-१ (२०२३) आधी घट आणि घटीचा आराखडा मागतं, क्रेडिट शेवटी. युरोपीय संघात तर २७ सप्टेंबर २०२६पासून नुसत्या ऑफसेटवर उभा असलेला "न्यूट्रल"चा दावा ग्राहकासमोर करायलाच बंदी आहे. पाटीऐवजी बिलाच्या खाली टनामागचा आकडा छापायचं ठरलं.

१८ जुलै

१ जुलैपासूनच्या नव्या दररचनेत रात्रीची सवलत गेली. सकाळी ९ ते संध्याकाळी ५ सवलत, ५ ते १२ अधिभार. वर्षानुवर्षं रात्री चालणाऱ्या भट्टीचं गणित एका आदेशाने उलटलं. कार्बनच्या दृष्टीने दिशा बरोबर आहे: सूर्य असताना वितळवा. पण जमिनीवर काय होतं ते पाहायला आठवडाभर दिवसाच्या हीट घेतल्या.

पहिली अडचण कमाल मागणी. भट्टीचे ३५० आणि दिवसाचे कॉम्प्रेसर, सॅण्ड प्लांट, शॉट ब्लास्टिंग मिळून ११०: एकत्र ४६० किलोवॉट. करार मागणी (वीज कंपनीशी ठरलेली मर्यादा) ४५० केव्हीए. शॉट ब्लास्टिंग सकाळी ७ ते ९ हलवलं, तेवढ्याने मागणी कराराच्या आत आली.

दुसरी अडचण साचे. आदल्या दिवशीचे साचे सकाळी ओतले तर रात्रभरात वरचा थर सुकून कडा भुरभुरतात, वाळू पडते. आणि पावसाळ्यात सिलिकेटचे कोअर दमट हवा ओढून मऊ पडतात. पहिल्या दोन दिवसांत रिजेक्शन ९%. मग मोल्डिंग सकाळी ७ला आणि पहिली हीट ९ला, म्हणजे साचा रात्रभर उभा राहत नाही. कोअर ओतायच्या दिवशीच बाहेर काढायचे, तोवर बल्ब लावलेल्या कपाटात.

५ ऑगस्ट

दिवसाची पाळी तिसऱ्या आठवड्यात. रिजेक्शन ६.१%. ओतताना शेडमध्ये उष्णता फार होते. छताचे तीन फॅन आणि ओतकामाच्या पट्ट्यावर ताज्या हवेची डक्ट लागेल. तो खर्च बचतीतून वजा करूनच तुलना करायची.

जुलैत केंद्राची ॲडीटी योजना (ऊर्जा वाचवणाऱ्या यंत्रांसाठी उद्योगांना मदत) सुरू झाली. फौंड्री त्यातल्या १४ क्षेत्रांत आहे. सूक्ष्म-लघु उद्योगाला व्याजावर ५% सूट, मध्यमला ३%. किमान १०% ऊर्जा बचत दाखवावी लागते. गेल्या वर्षी मीटर नसता तर ती दाखवायला आधार नव्हता. व्हीएफडी कॉम्प्रेसर आणि डक्ट यांचा प्रस्ताव सप्टेंबर २०२४च्या पाया महिन्यासह बनवायला घेतला.

छताच्या मालकाची संमती अजून बाकी. नव्या रचनेत दिवसाची सौर वीज दिवसाच्याच वापरात वळती होणार. भट्टी दिवसा आल्यावर ६० किलोवॉटची प्रत्येक युनिट जागेवरच खपते. याच मुद्द्यावर सोमवारी पुन्हा बैठक, भाडेकरार दहा वर्षांचा करायचा मसुदा सोबत.